मी, नदीवरच्या बर्फाचा कच्चा मसुदा

मित्रांनो, मी एक जुना मसुदा आहे, आणि तोही कच्चा. जन्मलो तेव्हा एक्केचाळीस पानांचा होतो. आता मोजाल तर तेहतीस भरतील, आणि त्यांतलीही काही अर्धीच आहेत, कारण मला कात्री लागली आहे. माझे तुकडे जोडणारी चिकटपट्टी पिवळी पडली आहे. अंगभर पेन्सिलीच्या खुणा आहेत. माणसे मला हातात घेतात आणि पहिल्यांदा हेच विचारतात, की हे एवढे सगळे चुकले होते का? नाही हो. चुकले होते ते वेगळेच, आणि त्यावर पेन्सिलीची एकही खूण नव्हती. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म १९९४ च्या जानेवारीत, फिनलंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरमधून मी करकरत बाहेर पडलो. मला लिहिणारी मार्युक्का तेव्हा बत्तीस वर्षांची होती आणि नद्यांवरच्या बर्फाचा अभ्यास करत होती. माझे शेवटचे पान पडले तेव्हा तिने सगळा गठ्ठा उचलून टेबलावर आपटून सारखा केला आणि एकटीच हसली. मला वाटले, झालो आपण पूर्ण! प्रत्येक मसुद्याला जन्मतः असेच वाटत असावे.

माझ्यात काय होते, ते आधी सांगतो. सुवांतो नावाच्या एका खेड्यात नदी हिवाळ्यात गोठते आणि मे महिन्यात फुटते. तिथले लोक मार्चमध्ये बर्फावर डांबराचे एक रिकामे पिंप नेऊन ठेवतात. पिंपाला दोर बांधतात आणि दोराचे दुसरे टोक काठावरच्या घड्याळाला. बर्फ हलले की पिंप हलते, दोर ताणला जातो आणि घड्याळ थांबते. कुठल्या दिवशी थांबेल यावर अख्खे गाव पैज लावते. ज्याचा अंदाज बरोबर निघेल त्याला वर्षभराची कॉफी मिळते. हे दिवस तिथल्या नावाड्यांनी १९११ पासून एका वहीत लिहून ठेवले होते. मार्युक्काला ती वही मिळाली आणि तिने हिशेब मांडला, की बर्फ आता आजोबांच्या काळापेक्षा अकरा दिवस आधी जाते. हे अकरा दिवस म्हणजे माझा प्राण होता. माझ्या नावातच ते होते, पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत.

मार्युक्काचीही सगळी भिस्त त्यांच्यावर होती. तिची जागा हंगामी होती आणि जूनअखेर संपत होती. एका मोठ्या नियतकालिकाचा बर्फावर विशेषांक निघायचा होता आणि त्यासाठी निबंध तीस एप्रिलपर्यंत टपालात पडायला हवा होता. गेला तर जागा पुढे चालू राहणार, नाही तर जूनमध्ये टेबल रिकामे करायचे. विभागात हे सगळ्यांना ठाऊक होते, पण त्यावर कुणी ब्र काढत नव्हते. तिथल्या लोकांची तशी पद्धतच आहे.

फेब्रुवारीत मी प्राध्यापक तोर्स्ती यांच्या हाती पडलो. उंच, वाकलेला माणूस. त्यांच्या खिशात पेन आणि खोडरबर कधी नसे, फक्त पेन्सिल असे. माझी पहिली नऊ पाने त्यांनी उभ्या उभ्या वाचली.

"मार्युक्का, सुवांतोचं बर्फ सांगायला तू थेट हिमयुगापासून निघालीस," ते म्हणाले. "वाचक वाटेतच गोठेल की गं."

"पार्श्वभूमी नको का सर?"

"हवी ना. पण नऊ पानं? माझ्या लग्नाची बोलणीही एवढी लांबली नव्हती."

नऊ पानांची दोन झाली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या पानांत किती सुंदर वाक्ये होती, तुम्हाला काय सांगू! मग त्यांनी माझ्यातले 'निःसंशय' शोधून काढले. चौदा निघाले. प्रत्येकावर एक बारीक रेघ. चौदाव्यापाशी ते थांबले आणि म्हणाले, "तुला शंका नाही हे कळलं. नदीला विचारलंस का?" मार्युक्का हसली. मला मात्र तो प्रश्न आवडला. तोवर मी फक्त सांगायला शिकलो होतो, विचारणे माझ्या गावीच नव्हते. त्या दिवसापासून मला चौकसपणाचा नाद लागला. माझ्या शेवटच्या पानाच्या पलीकडे काय असेल, असे वाटू लागले.

मार्चमध्ये कात्री आली. मार्युक्काने मला खोलीबाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये जमिनीवर मांडले. पायात लोकरी मोजे घालून ती माझ्या पानांमधून जपून चालायची, वाकून एखादा परिच्छेद कापायची, आठव्या पानावरचा उचलून तिसऱ्यावर चिकटवायची, पुन्हा काढायची. मी भेदरलो होतो. पण एक गंमत सांगतो. दोन वाक्ये जन्मापासून एकमेकांपासून दहा पाने दूर राहावीत, आणि एके दिवशी शेजारी आल्यावर त्यांना कळावे की आपण एकच गोष्ट सांगत होतो, तसे माझ्या बाबतीत तीन-चारदा झाले. त्यातले एक वाक्य मग कायमचे गेले. मला हळहळ वाटली, पण पान मात्र हलके झाले.

आमच्या विभागात एक रीत होती. मसुदा स्वच्छ टाइप करायच्या आधी आठवडाभर कॉफीच्या टेबलावर ठेवायचा. दुपारी दोनला जो कॉफी घ्यायला येईल, त्याने समासात एक तरी प्रश्न लिहायचा. स्तुती लिहायला बंदी होती. एप्रिलच्या सुरुवातीला मी त्या टेबलावर पडलो, वेलदोड्याच्या पावांच्या ताटलीशेजारी. कुणी विचारले, 'उंची कुठून मोजली?' कुणी विचारले, 'आलेख तीनमधला खड्डा कसला?' एकाने माझ्या नवव्या पानावर कप ठेवला आणि त्याचे गोल उमटले. मला अपमान वाटला नाही. इतकी माणसे मला वाचत होती, या विचाराने अंगावर मूठभर मांसच चढले होते.

पाचव्या दिवशी आउने आली. ती विभागाची टंकलेखिका, साठीला टेकलेली, चष्मा साखळीला बांधलेला. माझे स्वच्छ टंकन तिलाच करायचे होते. तिने माझी तारखांची यादी पाहिली, पर्समधून एक जुने पंचांगाचे पुस्तक काढले, त्यात प्रत्येक वर्षाचे वार होते, आणि कॉफी गार होईपर्यंत बोटाने जुळवत बसली. मग समासात लिहिले, 'ही नदी रविवारी सुट्टी घेते का?'

"म्हणजे काय आउने?" मार्युक्काने विचारले.

"अगं पोरी, १९११ पासून १९४८ पर्यंत बघ. अडतीस वर्षं. सोमवार आहेत, शनिवार आहेत, रविवार एकही नाही. एवढी देवभोळी नदी मी नाही पाहिली."

सगळे हसले. मग एकेक जण हसायचा थांबला. तोर्स्तींनी यादी हातात घेतली आणि म्हणाले, "फोन करू नकोस. जाऊन ये."

वीस एप्रिलला मार्युक्का बसने सुवांतोला निघाली. पिशवीत मी होतो आणि कॉफीचे एक पाकीट होते, कारण तिकडे रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जात नाहीत. तीन तासांचा रस्ता. मी माझ्याच विषयाचे गाव पहिल्यांदा पाहणार होतो, त्यामुळे माझी उत्सुकता शिगेला पोहोचली होती.

कालेर्वो वुओलो हे तिथले शेवटचे नावाडी. वय अठ्ठ्याहत्तर. पूल झाल्यावर नाव बंद पडली, पण वही त्यांच्याकडेच राहिली होती. त्यांनी कॉफी ठेवली, राय धान्याचा काळा पाव आणि खारवलेला मासा पुढे केला. मार्युक्काने रविवारचे विचारताच त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते.

"आमचे वडील! रविवारी ते घड्याळाला हात लावायचे नाहीत. देव रागावेल म्हणायचे. बर्फ रविवारी गेलं तरी यांच्या वहीत सोमवारी जायचं. एकदा गावच्या लोहाराची पैज त्यापायी बुडाली, तो मरेपर्यंत वडिलांशी बोलला नाही."

मार्युक्काचा जीव भांड्यात पडला. एका दिवसाचा फरक, तोही पाच-सहा वर्षांचा. एक तळटीप टाकली की झाले. ती उठायच्या बेतात होती, तेवढ्यात कालेर्वोंनी माझ्याकडे बोट दाखवले.

"त्यात आमचं गाव आहे का?"

"आहे ना आजोबा. पण किचकट भाषा आहे, कंटाळाल."

"बघू दे. घाई नाही मला."

त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि शब्दाशब्दाखाली बोट ठेवून वाचू लागले. मित्रांनो, प्राध्यापकांनी मला वाचले होते, पण असे कुणी वाचले नव्हते. सतराव्या पानावर त्यांचे बोट थांबले. तिथे लिहिले होते, '१९६३ ते १९७१ या काळातील नोंदी एका अज्ञात व्यक्तीच्या हस्ताक्षरात असून त्यांची विश्वासार्हता तपासता आलेली नाही.' या वाक्यावर तोर्स्तींची पेन्सिल थांबली नव्हती. कॉफीच्या टेबलावरही कुणी प्रश्न विचारला नव्हता. व्याकरणात चोख, मापात बसणारे, माझ्यातले अगदी सभ्य वाक्य होते ते.

"अज्ञात?" कालेर्वो म्हणाले.

"अक्षर वेगळं आहे ना, म्हणून. कुणाचं ते वहीत नव्हतं."

"लेम्पीचं आहे. माझ्या बायकोचं." बोट तिथेच होते. "आणि विश्वासार्हता म्हणजे काय गं? मी तास लिहायचो, सकाळ-दुपार लिहायचो. ती मिनिटं लिहायची. नऊ वर्षं मिनिटं लिहिली तिने."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पान फाडता येत असते तर मी स्वतःच ते फाडले असते. मार्युक्काही लाल झाली. तिने हळूच विचारले, "त्या नऊ वर्षांतच का?"

"अंथरुणाला खिळली होती. पाठीचं दुखणं. तिला पिंप बघायची फार हौस, लहानपणापासून. घाटावरचं पिंप घरातून दिसत नव्हतं. मग मी ते इथे आणलं, या खिडकीसमोर. दोर आत घेतला, घड्याळ तिच्या उशाशी टांगलं. थांबलं की ती लिहायची आणि मला हाक मारायची."

मार्युक्का उठून खिडकीपाशी गेली. नदी अजून गोठलेली होती. पिंप खालीच, घरासमोर उभे होते. माझ्यात एक नकाशा होता आणि त्यात पिंपाचा ठिपका वरच्या घाटाजवळ होता. तिने तो वहीच्या पहिल्या पानावरून काढला होता. ती गावात आली होती ऑगस्टमध्ये, तेव्हा नदीत पाणी होते आणि पिंप कुणाच्या तरी कोठारात.

"म्हणजे १९६३ पासून पिंप इथेच आहे?"

"इथेच. लेम्पी गेल्यावर परत वर न्यायला हवं होतं. नाही नेववलं."

"आणि मध्ये तो ओढा मिळतो. ओढ्याच्या खाली बर्फ आधी फुटत असेल."

"फुटतंच. शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"मग आजोबा, मला सांगितलं का नाहीत?"

"तू वही मागितलीस. मी वही दिली."

रागाने नव्हते म्हटले त्यांनी. तिथे विचारल्याशिवाय सांगणे हे आगाऊपणाचे समजतात, एवढेच. मार्युक्का टेबलापाशी परत आली. मग तिने पेन्सिल काढली आणि सतराव्या पानाच्या समासात तीन शब्द लिहिले: लेम्पी, खिडकी, ओढा. आणि पहिल्या पानावर जाऊन 'अकरा' खोडले. ती रेघ मला कात्रीपेक्षा जास्त दुखली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता कॉफीच्या टेबलाशी तिने सगळे सांगितले. तोर्स्तींनी ऐकून घेतले.

"तळटीप टाक आणि पाठव," ते म्हणाले. "जागा बदलली होती, एवढं लिहिलंस तरी नियमात बसतं."

"पण किती फरक पडला ते मलाच ठाऊक नाही सर. आकडा काय ठेवू? या वर्षी दोन पिंपं ठेवते, एक वर, एक खाली. मग कळेल."

"बर्फ जाईल पंधरा मेला. टपाल आहे तीस एप्रिलला."

"माहीत आहे."

तोर्स्तींनी कपातली उरलेली कॉफी संपवली. "दुसरं पिंप कुठून आणणार?" त्यांनी विचारले.

खरे सांगतो, मी तिच्यावर चिडलो होतो. नऊ दिवसांत मी टपालात पडलो असतो आणि पुढे विशेषांकात छापला गेलो असतो, अकरा दिवसांसकट, गुळगुळीत कागदावर. एका पिंपासाठी ही बाई स्वतःचे टेबल घालवायला निघाली होती. तीस एप्रिल आला. बाहेर लोक वसंताच्या सणाची टोपी घालून फिरत होते, तळलेली जाळीदार गोड वडी खात होते. मार्युक्का माझ्यासमोर बसून होती. टपालाची वेळ टळली तेव्हा तिने मला टेबलाच्या खणात ठेवले आणि तीही बाहेर गेली.

खालचे पिंप चौदा मेला हलले, वरचे अठराला. चार दिवसांचा फरक. पण एका वर्षावरून नियम करता येत नाही, म्हणून तिने वहीचे दोन भाग केले, १९६३ आधीचा आणि नंतरचा, आणि दोन्ही वेगवेगळे मोजले. बर्फ लवकर जात होते हे खरेच निघाले. मात्र अकरा नाही, पाच ते सात दिवस. माझ्या नावातला रुबाब गेला. जूनअखेर मार्युक्काचे टेबलही गेले. ती दक्षिणेकडच्या एका गावात शाळेत भूगोल शिकवू लागली आणि शनिवार-रविवारी मला उघडून माझ्यावरून नवा मसुदा लिहू लागली.

तो मसुदा तोर्स्तींकडे गेला तेव्हा मी त्याच्याखाली होतो. सोळा पानांचा तो देखणा गडी. एका वाक्यावर पेन्सिल थांबली. "'१९६३ ते १९७१ या काळातील नोंदी सर्वांत काटेकोर असून त्या लेम्पी वुओलो यांनी आपल्या अंथरुणातून ठेवल्या,'" त्यांनी मोठ्याने वाचले. "अंथरुणातून, हे हवंच का?"

"सर, पिंपाची जागा का बदलली, त्याचं कारण तेच आहे."

पेन्सिल थोडा वेळ तशीच राहिली, मग पुढच्या ओळीवर गेली. आयुष्यभर एकही जास्तीचा शब्द न सोडणारा माणूस, पण तिथे त्यांनी रेघ मारली नाही.

१९९५ च्या शरदात निबंध छापून आला. मार्युक्का छापील प्रत घेऊन सुवांतोला गेली आणि का कोण जाणे, मलाही सोबत नेले. कालेर्वोंनी प्रत उघडली, बोट खाली खाली सरकवत त्या ओळीवर आणले. ती त्यांनी मनात वाचली. मग मोठ्याने वाचली. 'सर्वांत काटेकोर' हे शब्द दोनदा.

"तुझ्या नोकरीचं काय झालं?" त्यांनी विचारले.

"गेली."

"माझ्या पिंपामुळे."

"नाही आजोबा. मी विचारलं नव्हतं, म्हणून."

खिशातून रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले. मग उठून कपाटातून ते जुने घड्याळ काढले आणि छापील प्रत त्याच्याशेजारी फळीवर उभी केली. मला कुणी मागितले नाही. पण मी काही रुसलो नाही. त्या सोळा पानांत लेम्पी होती आणि माझ्या एक्केचाळीस पानांत ती अज्ञात होती. जी होती ती फक्त माझ्या समासात, पेन्सिलीने, आणि माझ्या अंगावरची तेवढीच जागा आज मला अभिमानाने दाखवावीशी वाटते.

मार्युक्काबाई अजून शाळेतच आहेत. मुलांना मला हाताळू देतात. म्हणून मित्रांनो, एकच विनंती. लिहिलेले पुन्हा वाचा, कापा, जोडा, सुंदर शब्द जात असतील तर जाऊ द्या, आणि कच्ची पाने टाकून देऊ नका. समास मोठा सोडा. आणि तुमच्या वहीत कधी 'अज्ञात व्यक्ती' असे लिहायची वेळ आली, तर वही तपासायला देण्याआधी, ती नोंद जिथून आली त्या घरी जा, बसा, आणि विचारा.